नॅस्कार २०२६: कोण कुठे गेला यापेक्षा कोण कोणासोबत गेला ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या नॅस्कार मोटार शर्यतींच्या सर्वोच्च कप सिरीजमध्ये २०२६ च्या हंगामासाठी कॉनर झिलिश ट्रॅकहाउस संघाच्या गाडीत आला, डॅनियल सुआरेझ तिथून निघून स्पायर संघाकडे गेला, हास संघाने फोर्ड सोडून शेव्हरोले धरली. या सगळ्यात कोणाचं भलं होईल आणि कोणाची पंचाईत?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. या हिवाळ्यात चालकांच्या अदलाबदलीपेक्षा गुणांच्या नियमातला बदल संघांचं गणित जास्त फिरवणार आहे. आणि चालकांपुरतं बोलायचं तर क्रू चीफ (गाडीचा सेटअप आणि शर्यतीतले डावपेच ठरवणारा प्रमुख) कोण आणि मागे तांत्रिक पाठबळ कोणाचं, हे बघितल्याशिवाय कुठल्याही नावावर पैज लावू नये. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहराच्या उत्तरेकडच्या मूरस्व्हिल, हंटर्सव्हिल, कॉन्कॉर्ड या पट्ट्यात बहुतेक संघांची शॉप्स, म्हणजे कार्यशाळा, आहेत. तिथे सस्पेन्शन आणि सिम्युलेशनच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे पुढचं सगळं शॉपच्या बाजूने लिहितोय, प्रेक्षकांच्या स्टँडमधून नाही.

आपल्याकडच्या मंडळींना हे सगळं आयपीएलच्या लिलावासारखं वाटतं. पण लिलावात विकला गेलेला फलंदाज आपली बॅट, आपला स्टान्स घेऊन नव्या संघात जातो. इथे बॅट संघाची असते. २०२२ पासून आलेल्या नेक्स्ट जेन गाडीचे बहुतेक सुटे भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात, म्हणजे चासी, गाडीचा सांगाडा, सगळ्यांची सारखीच. फरक पडतो तो सेटअपमध्ये, सिम्युलेशन किती खरं उतरतं त्यात, पिट स्टॉपमध्ये (शर्यतीत टायर-पेट्रोलसाठी थांबण्यात) आणि क्रू चीफच्या डोक्यात. यातलं काहीच चालक सोबत नेत नाही. शिवाय प्रत्येक गाडीचा थ्रॉटल, ब्रेक आणि स्टिअरिंगचा डेटा सगळ्या संघांना दिसतो. २०२५ चा विजेता काइल लार्सन तिसऱ्या वळणावर गॅस कधी सोडतो हे त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा इंजिनिअरसुद्धा स्क्रीनवर बघू शकतो. चालकाचं गुपित असं फारसं उरलेलं नाही.

यासाठी ताजं उदाहरण २०२४ च्या अखेरीचं घ्या. स्टुअर्ट-हास रेसिंग हा चार गाड्यांचा, दोन विजेतेपदं मिळवलेला संघ बंद झाला. एकदम चार चालक, चार क्रू चीफ आणि मेकॅनिकांची मोठी फौज बाजारात आली. संघाकडच्या चार चार्टरपैकी एक जीन हासने स्वतःकडे ठेवला, बाकीचे फ्रंट रो, २३ इलेव्हन आणि ट्रॅकहाउसने विकत घेतले. चार्टर म्हणजे प्रत्येक शर्यतीत हक्काची जागा आणि बक्षिसाच्या रकमेत ठरलेला वाटा. असे एकूण ३६ चार्टर आहेत आणि मैदानात जास्तीत जास्त ४० गाड्या उतरतात, एखाद्या वेळी खास सवलतीने ४१.

चेस ब्रिस्को त्या चौघांपैकी एक. त्याला जो गिब्स रेसिंगची १९ नंबरची गाडी मिळाली, कारण मार्टिन ट्रुएक्स ज्युनियरने पूर्णवेळ शर्यती थांबवल्या होत्या. ब्रिस्कोची तोवरची कारकीर्द बरी म्हणावी अशी: कप सिरीजमध्ये दोन विजय, त्यातला एक स्टुअर्ट-हासच्या शेवटच्या महिन्यांत डार्लिंग्टनच्या सदर्न ५०० मध्ये. गिब्सकडे त्याने ट्रुएक्सचाच क्रू चीफ जेम्स स्मॉल घेतला, म्हणजे गाडीभोवतीचा कंपू जवळपास तोच राहिला आणि सीट तेवढी बदलली. निकाल काय? डेटोना ५०० ची पोल (सर्वांत पुढून सुरुवात), पोकोनो, पुन्हा सदर्न ५०० आणि ऑक्टोबरात टॅलडेगा असे तीन विजय, आणि विजेतेपदाच्या लढतीतल्या शेवटच्या चौघांत प्रवेश. पोकोनोला तर शेवटच्या टप्प्यात मागे त्याच्याच संघातला डेनी हॅमलिन लागलेला असताना तो पेट्रोल वाचवत चालला होता आणि तरीही पुढेच राहिला. सरळ रस्त्यावर गॅस लवकर सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची आणि वळणातला वेग मात्र पडू द्यायचा नाही, हे नुसत्या चालकाच्या हुशारीने जमत नाही. किती पेट्रोल उरलंय याचा आकडा पिट बॉक्सवरून बरोबर यावा लागतो आणि त्या आकड्यावर चालकाचा विश्वास बसावा लागतो.

आता त्याच हिवाळ्याची दुसरी बाजू. केविन हार्विकला २०१४ चं विजेतेपद मिळवून देणारा क्रू चीफ रॉडनी चाइल्डर्स स्पायरच्या ७ नंबरवर जस्टिन हेलीबरोबर आला. कागदावर जोडी भारदस्त. नऊ शर्यतींत मोडली. एप्रिल संपायच्या आत चाइल्डर्स बाहेर, आणि हंगामाअखेर हेलीची जागाही गेली. इतका मोठा माणूस आणि नऊ शर्यतींत फारकत, याचं बाहेरच्यांना आश्चर्य वाटलं. आतल्यांना तितकं वाटलं नाही. स्टुअर्ट-हासच्या मोठ्या यंत्रणेत हार्विकसारख्या मुरलेल्या चालकाबरोबर बसलेली कामाची पद्धत लहान आणि अजून घडत असलेल्या संघात तशीच्या तशी उतरत नाही.

तिसरं उदाहरण जॉश बेरीचं. तो वुड ब्रदर्सच्या २१ नंबरवर गेला. संघ एका गाडीचा, पण गाडीमागे पेन्स्के या मोठ्या संघाचं तांत्रिक बळ. मार्च २०२५ मध्ये लास वेगसला जिंकला, हा वुड ब्रदर्सचा १०१ वा विजय. पुढे प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या बादफेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत बाहेर पडला ती गोष्ट वेगळी. एका गाडीचा संघसुद्धा जिंकू शकतो, पण त्याचा आधार कोण हे महत्त्वाचं.

शॉपमध्ये हे बदल कसे दिसतात तेही सांगतो, कारण बातम्यांत हे कधी येत नाही. नवा चालक आला की पहिलं काम सीटचं. हेल्मेट, मान सांभाळणारा हॅन्स आणि पूर्ण सूट घालून त्याला सीटमध्ये बसवतात, पाठीच्या आणि बरगड्यांच्या बाजूने त्याच्या मापाचं पॅडिंग तयार करतात. स्टिअरिंग किती जवळ, पेडल किती कोनात, आरसा कुठे, हे ठरवता ठरवता अर्धा दिवस जातो. कोणाला छातीला लागेल इतकं स्टिअरिंग जवळ हवं असतं, कोणाचा कोपर जरासा वाकलेला राहिला पाहिजे. मग तोच माणूस सिम्युलेटरवर जातो. शेव्हरोले, फोर्ड आणि टोयोटा या तिन्ही कंपन्यांची सिम्युलेटर केंद्रं याच भागात आहेत, आणि शर्यतीच्या आठवड्यात ट्रॅकवर सराव इतका थोडा मिळतो की गाडीचा पाया सिम्युलेटरवरच घातला जातो.

खरी अडचण तिथे सुरू होते. चालक रेडिओवर म्हणतो ‘टाइट’, म्हणजे गाडीचं नाक वळत नाही. किंवा म्हणतो ‘लूज’, म्हणजे मागची बाजू निसटतेय. पण किती? एक चालक गाडी जराशी निसटली की ‘खूप लूज’ म्हणून ओरडतो, दुसरा भिंतीला घासून आला तरी ‘ठीक आहे, थोडी लूज’ म्हणतो. कुठे निसटतेय हेही हवं असतं: वळणात शिरताना, मध्यावर की गॅस देताना? क्रू चीफने त्यावरून पुढच्या पिट स्टॉपला टायरच्या हवेत किंवा वेजमध्ये (चाकांवरच्या वजनाच्या वाटणीत) किती बदल करायचा हे काही सेकंदांत ठरवायचं असतं. ही सवय जुळायला अर्धा हंगाम सहज जातो. ब्रिस्कोलाही २०२५ च्या पहिल्या काही महिन्यांत ती जुळवावी लागली. पहिला विजय जूनच्या उत्तरार्धात आला हे विसरू नका.

हे ध्यानात ठेवून २०२६ कडे बघू या.

झिलिशपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांची उत्सुकता तिथेच आहे. हंगामाच्या सुरुवातीला वय १९. २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या एक्सफिनिटी सिरीजमध्ये दहा विजय, आणि तरीही फिनिक्सच्या शेवटच्या शर्यतीत विजेतेपद जेसी लव्हकडे गेलं. ऑगस्टमध्ये वॉटकिन्स ग्लेनला जिंकल्यावर खिडकीतून बाहेर येताना घसरून पडला आणि कॉलरबोन मोडलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची कपची शर्यत हुकली. नंतर डेटोनाला त्याने शर्यत सुरू करून दिली आणि पार्कर क्लिगरमनने गाडी हाती घेऊन जिंकून दिली. नियमाप्रमाणे ज्याने सुरुवात केली त्याच्याच नावावर विजय लागतो. (ही सिरीज आता ओ’रायली ऑटो पार्ट्स सिरीज म्हणून ओळखली जाते. आम्हा जुन्या लोकांच्या तोंडात तिचं जुनं नाव बुश सिरीज अजून बसलेलं, तिथे हे नाव रुळायला वेळ लागेल.)

मुलाच्या गुणवत्तेबद्दल मला शंका नाही. मला आवडलेली गोष्ट म्हणजे ट्रॅकहाउसने त्याच्यासाठी रँडल बर्नेटला क्रू चीफ म्हणून आणलं. बर्नेट रिचर्ड चिल्ड्रेसच्या संघात काइल बुशबरोबर होता. नवख्या चालकाला नवखा क्रू चीफ देणं ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक चूक, ती त्यांनी टाळली. पण ट्रॅकहाउसची गाडी ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, २०२५ मध्ये फारशी चालली नाही. रॉस चॅस्टेनने मेमध्ये कोका-कोला ६०० शेवटच्या क्रमांकावरून सुरुवात करून जिंकली खरी, पण ती रात्र अपवाद होती. गाडी सुधारली नाही तर बर्नेट आणि झिलिश दोघं मिळून फार तर विसाव्याच्या आसपास गुण गोळा करतील, आणि पहिल्या वर्षी त्यात वावगं काही नाही. कपमध्ये त्याच्या २०२५ अखेर तीनच शर्यती झाल्या होत्या. रोड कोर्सवर (डावी-उजवी वळणं असलेल्या ट्रॅकवर) तो एखादी जिंकूनही जाईल.

त्याच्याच संघातला शेन व्हॅन गिसबर्गन मात्र मला जास्त विचारात टाकतो. त्याची गाडी आता ९७ नंबरची, ८८ झिलिशकडे गेली. २०२५ मध्ये त्याने पाच शर्यती जिंकल्या: मेक्सिको सिटी, शिकागो, सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन आणि शार्लटचा रोव्हल (ओव्हलचा भाग जोडलेला रोड कोर्स). पाचही रोड किंवा स्ट्रीट कोर्स. गुणांत तो पहिल्या सोळांच्या बराच मागे होता, पण जुन्या नियमात एक विजय म्हणजे प्लेऑफचं तिकीट, म्हणून आत आला आणि तीन ओव्हलांच्या पहिल्या फेरीतच बाहेर पडला.

इथे नियमबदल येतो. जानेवारी २०२६ मध्ये नॅस्कारने प्लेऑफची बादफेरी पद्धत काढून टाकली आणि जुनी ‘चेस’ परत आणली. आता २६ शर्यतींनंतर गुणांत पहिले १६ जण आत, मग गुण नव्याने मांडून दहा शर्यती आणि ज्याचे गुण जास्त तो विजेता. जिंकलात म्हणून आत, हे संपलं. विजयाचे गुण मात्र ४० वरून ५५ केलेत. दुसऱ्याला ३५ च, म्हणजे जिंकण्याला किंमत आहे, पण बाकीच्या २५ शर्यतींत तिसाव्या क्रमांकाच्या मागे राहून चालणार नाही. व्हॅन गिसबर्गनच्या पाच विजयांपैकी मेक्सिको आणि शिकागोचा रस्ता वेळापत्रकातून गेले, शार्लटची ऑक्टोबरची शर्यत ओव्हलवर परतली. उरलेल्या दोनांच्या जोडीला टेक्ससमधला कोटा ट्रॅक आणि सॅन दिएगोचा नाविक तळावरचा नवा स्ट्रीट कोर्स आहे, म्हणजे एकूण चार, आणि चारही पहिल्या २६ शर्यतींत. चेसच्या दहा शर्यतींत त्याच्या आवडीचा एकही ट्रॅक नाही. म्हणजे ट्रॅकहाउसकडे जगातला बहुधा सर्वांत चांगला रोड कोर्सचा चालक आहे आणि नव्या नियमात त्याचं मोल घटलंय. त्याची ओव्हलवरची प्रगती २०२५ च्या उत्तरार्धात दिसत होती. ती तशीच चालू राहिली तर सोळाच्या आत येण्यासाठी झगडेल. माझा कौल: थोडक्यात हुकेल.

आणि हा नियम का बदलला ते सांगायला फिनिक्सची नोव्हेंबर २०२५ ची शर्यत पुरे. हॅमलिनने ३१९ पैकी २०८ फेऱ्या आघाडीवर काढल्या. तीन फेऱ्या उरलेल्या असताना विल्यम बायरनचा टायर गेला, पिवळा झेंडा आला, म्हणजे सगळ्यांनी सावकाश चालायचं. हॅमलिन चार टायर घेऊन मागे पडला, लार्सनने दोनच घेतले. शर्यत रायन ब्लेनीने जिंकली, विजेतेपद एकही फेरी आघाडीवर न काढलेल्या लार्सनला. तोवर साठ विजय नावावर असलेल्या हॅमलिनला तेव्हाही एकही विजेतेपद नव्हतं. क्रू चीफ ख्रिस गेलचा चार टायरांचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्या क्षणी बहुतेकांनी तेच केलं असतं. ओव्हरटाइमच्या, म्हणजे पिवळ्या झेंड्यामुळे वाढवलेल्या, दोन फेऱ्यांवर वर्षाचा निकाल ठरत होता, हीच मुळातली गोम.

नव्या पद्धतीत गिब्स आणि लार्सनचा हेंड्रिक या दोन संघांना फायदा, कारण दहा शर्यतींत सातत्य लागतं आणि ते त्यांच्याकडे आहे. पेन्स्केला मात्र थोडा फटका बसेल असं मला वाटतं. २०२२ ते २०२४ सलग तीन विजेतेपदं त्यांनी नेली: लोगानो, ब्लेनी, परत लोगानो. शरद ऋतूत नेमक्या वेळी नेमकी गाडी काढणं ही त्यांची हातोटी. लोगानोसारख्या चालकाला बादफेरी मानवत होती, ती गेली. ब्लेनी कुठल्याही पद्धतीत पुढेच राहील. गिब्सच्या बाबतीत एक खटकतं: हॅमलिनचा जुना क्रू चीफ आणि नंतर स्पर्धा विभागाचा प्रमुख झालेला ख्रिस गेबहार्ट हंगाम संपताच संघाबाहेर पडला. अशी पोकळी लगेच दिसत नाही. ती मे-जूनमध्ये दिसते, जेव्हा दुसरे संघ सुधारणा आणतात आणि तुमच्याकडे त्याला उत्तर नसतं.

सुआरेझकडे वळतो. मेक्सिकोचा, २०१६ चा एक्सफिनिटी विजेता, फेब्रुवारी २०२४ मध्ये अटलांटाला तिघांच्या शर्यतीत ०.००३ सेकंदाने जिंकलेला. ट्रॅकहाउसने त्याला सोडलं ते झिलिशसाठी जागा हवी म्हणून, हे उघड आहे. तो जातोय त्याच ७ नंबरवर, जिथे चाइल्डर्स आणि हेलीचं बिनसलं. पण स्पायरला हेंड्रिकचं इंजिन आणि तांत्रिक साथ आहे, कार्सन हॉसेवारने त्याच शॉपच्या गाडीत वेग दाखवलाय, मायकेल मॅकडॉवेलसारखा अनुभवी माणूस तिसऱ्या गाडीत आहे. सुआरेझ हा आठवड्यामागून आठवडे पंधरावा-अठरावा येऊन गुण जमवणारा चालक. नव्या नियमात असाच चालक हवा असतो. मला तर वाटतं ट्रॅकहाउसपेक्षा स्पायरने हा सौदा शहाणपणाने केला.

हासचं वेगळं. कोल कस्टरची एक गाडी, फोर्डकडून शेव्हरोलेकडे आणि हेंड्रिकशी करार. निर्मात्याची अदलाबदल म्हणजे नवं बॉडीवर्क, नवं सिम्युलेशन मॉडेल, नवी इंजिनं. पहिल्या वर्षी यातून फार काही हाती लागत नाही. २०२७ ला बघू.

काइल बुशबद्दल न बोलणं बरं दिसणार नाही. दोन विजेतेपदं, ६३ विजय, आणि शेवटचा जून २०२३ मधला. चिल्ड्रेसबरोबरचा करार २०२६ पर्यंत आहे. आता त्याच्याकडे जिम पोलमन आलाय, जो ज्युनियर मोटरस्पोर्ट्समध्ये जस्टिन ऑलगायरचा क्रू चीफ होता. बुशचा हात गेला असं मी मानत नाही. त्याच संघातल्या ऑस्टिन डिलनच्या गाडीचा वेगही तसाच असतो, म्हणजे दुखणं शॉपमध्ये आहे. यंदाच्या बदलातलं एक त्याच्या बाजूने जातं: दीड मैलाहून लहान ट्रॅकवर आणि रोड कोर्सवर ताकद ६७० वरून ७५० अश्वशक्ती होतेय. मागचे टायर जास्त झिजतील, आणि टायर सांभाळत गॅस मोजून द्यायची कला बुशच्या पिढीला जास्त अवगत आहे.

२३ इलेव्हनकडे शेवटी येतो. मायकल जॉर्डन आणि हॅमलिनचा हा संघ आणि फ्रंट रो यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये नॅस्कारवर खटला भरला, २०२५ चा उत्तरार्ध दोघांनी चार्टरशिवाय काढला, आणि डिसेंबरात शार्लटच्या कोर्टात सुनावणी चालू असतानाच तडजोड झाली. चार्टर आता कायमस्वरूपी. मालकांसाठी ही मोठी गोष्ट, पण तरुण चालकांसाठी उलटी: ज्या मालमत्तेची किंमत वाढतच जाणार ती कोण विकेल? नव्या जागा सहजी निघणार नाहीत. कोरी हाइमला विचारा. २०२५ मध्ये तिसऱ्या श्रेणीच्या ट्रक सिरीजच्या बारा शर्यती आणि विजेतेपद जिंकूनही २३ इलेव्हनमध्ये त्याला पूर्णवेळ गाडी नाही, मोजक्या शर्यती मिळतील. रायली हर्ब्स्टचं ३५ नंबरवरचं पहिलं वर्ष कठीण गेलं, पण तो प्रायोजक घेऊन येतो आणि तिसऱ्या गाडीचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो. टायलर रेडिकचं २०२५ विनाविजय गेलं. तो यंदा जिंकणार, आणि कोर्टाचं ओझं उतरल्यावर हा संघ सगळ्यात जास्त वर सरकेल असं माझं मत आहे. बबा वॉलेसने जुलैत इंडियानापोलिसला ब्रिकयार्ड ४०० जिंकून गाडी चांगली असल्याचं दाखवलंच आहे.

आता एक व्यवहाराची सूचना. १५ फेब्रुवारीच्या डेटोनावरून आणि पुढच्या अटलांटावरून कोणालाही वर-खाली करू नका. तिथे घोळक्यात गाडी चालते, अपघातात कोण सापडलं यावर निकाल ठरतो. ८ मार्चचं फिनिक्स, मग लास वेगस आणि डार्लिंग्टन हे तीन आठवडे बघा. त्यातही शेवटचा क्रमांक नको. हिरव्या झेंड्याखालच्या लांब टप्प्यात पंधराव्या फेरीनंतर गाडीचा वेग किती पडतो आणि पिट रोडवर जाऊन येईपर्यंत किती जागा जातात, हे पाहा. ७ आणि ८८ या दोन गाड्यांचे हे आकडे शेजारी शेजारी मांडलेत, तर मे महिन्यातलं गुणांचं चित्र तुम्हाला मार्चच्या अखेरीलाच कळेल.